झाकणभर गुळणी

मावशींचा सगळा जन्म दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात गेला, पण स्वतःचं तोंड वेळेवर बंद ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. हे त्यांच्या लेकीचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

दातांच्या दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. डॉक्टर खुर्चीच्या उजवीकडे, मावशी डावीकडे. एका हातात थुंकी ओढून घेणारी नळी, दुसऱ्या हातात पुढचं हत्यार; डॉक्टरांनी हात पुढे केला की ते त्यांच्या तळव्यावर आलेलंच असायचं. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, म्हणून त्या इथं आधी फरशी पुसायला लागल्या होत्या. एकदा एका पोराने डॉक्टरांच्या बोटाला असा कडकडून चावा घेतला की डॉक्टर सगळं टाकून नळाखाली बोट धरून उभे राहिले. मावशी पोछा घेऊन दारातच होत्या. त्या पोराला म्हणाल्या, त्यांना नको दाखवूस, मला दाखव. पोराने मुकाट्याने आ केला. त्या दिवसापासून पोछा दुसऱ्या बाईच्या हातात गेला आणि मावशी खुर्चीपाशी आल्या. पुढे ते डॉक्टर थकले, त्यांचा पुतण्या आला, खुर्च्या बदलल्या, भिंतींचा रंग बदलला, मावशी तिथंच राहिल्या.

मावशींच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते, थुंकणारे आणि गिळणारे. लहान मूल आलं की त्या आधी कपावर काढलेल्या रेघेपर्यंत साधं पाणी द्यायच्या आणि सांगायच्या, "तोंडात घे, गालांत फिरव आणि माझं पाणी मला परत दे." कप परत आला की त्या तो उजेडात धरून बघत. पाणी रेघेला टेकलं तर ठीक. नाही तर डॉक्टरांना म्हणत, हा गिळणारा आहे. मग त्या मुलाला गुळणीचं औषध मिळत नसे. डॉक्टर एकेका दाताला ब्रशने औषध लावून द्यायचे. बहुतेक लहानगे गिळणारेच निघत. त्यात त्यांचा दोष नाही, तोंडात आलेलं गिळायचं एवढंच तर त्यांना जन्मापासून येत असतं.

लेकीला मुलगी झाली आणि मावशींनी डॉक्टरांना सांगून टाकलं की आता मी फक्त सकाळची. डॉक्टर कुरकुरले, पण मावशींपुढे त्यांचं काय चालणार. मुलीचं नाव घरात कुणी घेत नसे, ती एवढीशी होती म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणत. दुपारी टिल्लीला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, लेक-जावई कामावरून येईपर्यंत सांभाळायचं, हे मावशींचं राज्य. टिल्लीचा पहिला दात मावशींच्या बोटाला लागला. पहिला ब्रश मावशींनी धरायला शिकवला, वर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्याच्या वर एक कणही नाही. कप घेऊन 'माझं पाणी मला परत दे' हा खेळ तर टिल्ली बोलायला लागायच्या आधीपासून खेळत होती. मावशींना वाटे, लेकीला वाढवताना कामापायी जे हातून निसटलं ते सगळं देवाने आता दुपारच्या वेळेत परत दिलंय.

आणि मग विहीणबाई आल्या.

जावयाची आई दूरच्या शहरात राहायची. एका मोठ्या दुकानात अत्तरं, पावडरी, क्रीम विकण्याच्या काउंटरवर तिने हयात घालवली होती आणि आता निवृत्त होऊन ती मुलाकडे मुक्कामाला आली होती. आल्या आल्या सगळं घर तिच्या वासाने भरून गेलं. वास कसला, मावशींना तो नाकात शिरलेल्या पाहुण्यासारखा वाटला, जो चपला न काढताच आतल्या खोलीपर्यंत येतो. मावशींच्या स्वतःच्या अंगाला कसला वास येत होता हे त्यांना ठाऊक होतं. लवंगेच्या तेलाचा आणि जंतुनाशकाचा. कितीही साबण लावा, तो कातडीत मुरलेला. टिल्लीने त्यावर कधी काही म्हटलं नव्हतं. पण विहीणबाई आल्यावर पहिल्याच संध्याकाळी पोरीने तिच्या मानेत नाक खुपसलं आणि डोळे मिटून ती तशीच बसून राहिली, तेव्हा मावशी उठून उगाचच ओटा पुसायला गेल्या.

दोन आज्या झाल्यावर टिल्लीने दोघींची नावं पाडली. विहीणबाई म्हणजे सुट्टीतली आजी. मावशी म्हणजे रोजची आजी. घरात सगळे हसले, जावई तर म्हणाला, पोरगी हुशार आहे. मावशीही हसल्या. पण रोजचं म्हणजे काय, रोजचे कपडे, रोजचं ताट, रोजची कटकट. ते दुसरं नाव बघा कसं हातात फुगा धरल्यासारखं. घरी जाताना वाटेत त्या या दोन नावांवरच चरफडत राहिल्या.

इथून पुढे मावशींनी जे केलं ते त्यांना शोभणारं नव्हतं. विहीणबाईंनी टिल्लीच्या नखांना रंग लावला, मावशी म्हणाल्या, पोर बोटं तोंडात घालते. विहीणबाईंनी केसांना पिन लावली, मावशी म्हणाल्या, डोळ्यात जाईल. विहीणबाईंनी राक्षसाची गोष्ट सांगितली, मावशी म्हणाल्या, झोपेत दचकेल. टिल्ली झोपेत दचकली नाही, उलट राक्षसाला घरी बोलवा म्हणून मागे लागली. टिल्लीच्या पोटात दुखलं की मावशी विहीणबाईंच्या खाऊच्या डब्याकडे बघायच्या. विहीणबाई मात्र दर वेळी गोड हसून म्हणत, "बरोबर आहे ताई, लक्षात ठेवीन." एवढं गोड कुणी हसलं की भांडायला जागाच उरत नाही. मावशींच्या अंगाचा अधिकच तिळपापड व्हायचा. शेवटी लेक म्हणालीच, "आई, दर वेळी तुझं काहीतरी असतंच." त्यावर मावशी गप्प बसल्या, म्हणजे तेवढ्यापुरत्या.

गुळणीचं प्रकरण त्यांना उशिरा कळलं, कारण ते सकाळी नि संध्याकाळी घडायचं. काउंटरवर गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायचं, म्हणून विहीणबाईंना वर्षानुवर्षांची सवय होती माउथवॉशची. निळं पाणी तोंडात घ्यायचं, मान मागे टाकायची आणि घशात खळखळ करायची. आणि नुसती खळखळ नव्हे, विहीणबाई त्या खळखळीत गाणं म्हणायच्या. टिल्लीला हे एवढं आवडलं की विहीणबाईंनी तिच्यासाठी मुलांची म्हणून वेगळी बाटली आणली. आतलं पाणी तसंच निळं, बाहेर हसणाऱ्या माशाचं चित्र. एक दिवस लेकीला उशीर होणार होता म्हणून मावशी संध्याकाळी थांबल्या आणि त्यांना न्हाणीघरातून आवाज आला. दाराशी जाऊन बघतात तर आरशापुढे दोघी, एक उंच, एक स्टुलावर, गाल फुगवलेले, डोळे वटारलेले, दोघींच्या हातात बाटलीचं झाकण. मग दोघींनी एकदम माना मागे टाकल्या आणि एकच गाणं दोन घशांतून खळखळायला लागलं. शेवटी दोघी वाकून थुंकल्या नि खो-खो हसल्या. टिल्लीच्या हनुवटीवर निळा ओघळ होता. तो विहीणबाईंनी अंगठ्याने पुसला.

मावशींना तो अंगठा सहन झाला नाही. बाकी सगळं चाललं असतं. नखं तुझी, केस तुझे, राक्षस तुझे. पण दात माझे, पोरीच्या तोंडात तू कशी गेलीस, असं त्यांच्या मनात आलं, आणि तिथेच न राहता त्या चहाच्या वेळी बोलून बसल्या. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना असलं काही द्यायचं नसतं, त्यात फ्लोराइड असतं, पोरं ते थुंकत नाहीत, गिळतात, आणि रोज पोटात गेलं तर वाईट, पुढे येणाऱ्या दातांवरही पांढरे डाग पडतात. ब्रश आणि पेस्ट पुरे.

शब्दन् शब्द खरा होता. पण खरं बोलणाऱ्या माणसाची पत लागते आणि मावशींनी ती नखांच्या रंगावर उधळून टाकली होती. लेकीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कपात बघितलं. विहीणबाई म्हणाल्या की बाटलीवर मुलांचंच चित्र आहे, आणि आपली टिल्ली आता लवकरच सहाची होईल, शिवाय किती शहाणी आहे. मावशी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून आल्या. डॉक्टरांनी तेच सांगितलं, सहाच्या आत नको, नंतरही गरज असेल तरच आणि मोठ्यांच्या नजरेखाली. घरी येऊन त्यांनी हे जाहीर केलं तर जावई मिस्कीलपणे म्हणाला, "तुम्ही प्रश्न कसा विचारलात, ते आधी सांगा."

आता प्रश्न खरोखरच थोडा वाकडा विचारला होता. एवढ्याशा पोरीला कुणी येता-जाता औषधी पाणी पाजत असेल तर चालेल का, असा. मावशींना खोटं बोलता येत नसे, त्या फक्त लाल झाल्या. सगळे हसले आणि गुळणी चालू राहिली.

मग मावशींनी ठरवलं की आता बोलायचं नाही, दाखवायचं. पुढच्या रविवारी सगळे घरात असताना त्यांनी दवाखान्यातला रेघेचा कप पर्समधून काढला. टिल्लीला ओट्याजवळ उभं केलं, रेघेपर्यंत पाणी भरलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तोंडात घे, फिरव आणि माझं पाणी मला परत दे." विहीणबाई मान वाकवून बघत होत्या. मावशींच्या मनात आलं, बघ, आता नीट बघ. टिल्लीने गाल फुगवले, फिरवलं, वाकली आणि सगळं पाणी कपात परत दिलं. मावशींनी कप उजेडात धरला. पाणी रेघेच्या वर आलं होतं, वर पोरीची लाळ भरलेली. जावई टाळ्या वाजवायला लागला. टिल्लीने वाकून नमस्कार केला. विहीणबाई म्हणाल्या, "शिकवलंय कुणी, ताई, तुम्हीच ना."

हे त्यांनी मनापासून म्हटलं असावं, पण मावशींना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. आपणच शिकवलेल्या पोरीने आपल्याला तोंडघशी पाडलं होतं. लहान मूल गिळतं ते त्याला थुंकता येत नाही म्हणून, एवढंच आयुष्यभर बघितलेलं. थुंकता येत असूनही कुणी गिळेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांनी कप धुतला, पर्समध्ये टाकला आणि पुन्हा या विषयावर बोलायचं नाही अशी शपथ घेतली.

आता त्यांचा एकच आधार होता, विहीणबाईंचं तिकीट. गुरुवारी त्या जायच्या होत्या. पण त्या रविवारीच जेवणं झाल्यावर लेकीने वेगळंच काढलं. म्हणाली, सासूबाई इथंच राहिल्या तर किती बरं, टिल्लीला दुपारी सांभाळतील, आईचीही दगदग वाचेल, उन्हातान्हातून किती धावायचं तिने. मायेने बोलत होती बिचारी. आपली दुपार कुणीतरी आपल्याच भल्यासाठी काढून घेतंय, यावर माणूस काय बोलणार. पण विहीणबाई म्हणाल्या, छे, तिकडे माझं घर आहे, मैत्रिणी आहेत, मी येत-जात राहीन. जावयाने दोन-तीनदा आग्रह केला. विहीणबाई नाहीच म्हणाल्या. मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा विहीणबाईंना चहात साखर किती म्हणून प्रेमाने विचारलं.

बुधवारी दुपारी विहीणबाई शेवटची खरेदी करायला बाहेर गेल्या. जायच्या आधी त्यांनी न्हाणीघरातल्या फळीवर टिल्लीसाठी मोठी बाटली आणून ठेवली होती, मी नसले तरी गुळणी चुकवायची नाही म्हणून. लेकीने तसं कबूलही केलं होतं. मावशींनी टिल्लीला शाळेतून आणलं, जेवायला वाढलं. पोरगी दोन घास खाऊन उठली. पोट दुखतंय म्हणाली. मावशी तिच्या मागोमाग गेल्या नाहीत, भांडी आवरत बसल्या, आणि मनातल्या मनात विहीणबाईंच्या खाऊच्या डब्यालाच शिव्या घालत होत्या. मग त्यांना जाणवलं की घर फार शांत आहे. ज्या घरात पाच वर्षांचं मूल आहे तिथं शांतता म्हणजे काहीतरी चाललंय.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. टिल्ली स्टुलावर उभी होती, दोन्ही हातांनी मोठी बाटली तोंडाला लावलेली. तिचा गळा वर-खाली होत होता.

खरं सांगायचं तर मावशींना पहिल्यांदा आनंद झाला. सापडली, असंच त्यांच्या मनात आलं. आता बघू कोण हसतंय. हा आनंद क्षणभरच टिकला, पण झाला, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना त्याची लाज वाटत राहिली. मग मात्र त्या घाबरल्या. त्यांनी बाटली काढून घेतली, किती गेलंय ते बघितलं, पोरीला कडेवर घेतलं आणि एका हाताने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं नीट विचारून घेतलं, पोरीचं वजन, बाटलीवर काय लिहिलंय, किती प्यायली असेल. मग म्हणाले, घाबरू नका, थोडंच गेलंय, कपभर दूध पाजा, जवळ बसून राहा, उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच घेऊन या. टिल्ली दूध प्यायली आणि थोड्या वेळाने एकदा ओकली. न्हाणीघरभर पुदिन्याचा वास सुटला. मग तिच्या गालावर रंग आला आणि ती मावशींच्या मांडीवर येऊन बसली.

मावशींनी तिला रागावलं नाही. दवाखान्यात त्या सगळ्यात आधी हेच शिकल्या होत्या की रागावलं की मूल तोंड मिटतं. त्यांनी फक्त विचारलं, तुला तर थुंकता येतं, मग का प्यायलीस. टिल्लीने बराच वेळ त्यांच्या कुडत्याचं बटण फिरवलं.

"मी शेवटचं थुंकत नाही," ती म्हणाली. "थोडं थुंकते आणि थोडं ठेवते. सगळं थुंकलं की सुट्टीतली आजी बेसिनमध्ये जाते. गिळलं की आत राहते. तोंडातून तिचा वास येतो, झोपेपर्यंत येतो. उद्या ती जाणार ना, म्हणून आज खूप घेतलं. खूप दिवस पुरायला हवं."

मग त्यांनी जे विचारायला नको होतं तेच विचारलं. "आणि मला? मला नाही का आत ठेवत?"

टिल्लीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं कुणी अगदी सोपी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडे बघतं. "तू कुठे जाणार? तू तर रोजची."

हे प्रेम होतं की नाही हे मावशींना ठरवता येईना. पोरीने तर सहज सांगितलं आणि ती त्यांच्या मांडीवर झोपून गेली. मावशी तिच्या केसांवर हात फिरवत बसल्या आणि आतून जळत राहिल्या. मी पोरीचे दात मोजले, पाठ थोपटली, ताप आला तर रात्रीची नोकरी केल्यासारखी जागले. आणि ती कोण कुठली बाई काही आठवडे येते, घशात गाणं म्हणते, तर पोर तिला पोटात साठवून ठेवायला बघते. मला कुणी कधी असं साठवून ठेवलं नाही. नवऱ्यानेही नाही, लेकीनेही नाही. मी आहेच म्हणून सगळे धरून चालले.

जळून झाल्यावर त्या विचार करायला लागल्या. बाटली गुपचूप ओतून टाकता आली असती, पण संध्याकाळी लेक विचारणार, आणि मावशींनी ओतली म्हटल्यावर हेव्यापोटी ओतली असं सगळे समजणार, नि उद्या नवी बाटली येणार. पोर पिते एवढंच सांगितलं तरी कोण मानणार, रविवारी सगळ्यांसमोर कप भरून निघाला होता. डॉक्टरांना फोन केला म्हटलं तर पुन्हा तेच, प्रश्न कसा विचारलात. त्यांच्या बोलण्यावर विश्वास बसेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे टिल्लीचं कारण. आणि ते कारण विहीणबाईंच्या कानावर घालायचं, म्हणजे विहीणबाईंना इथून हलू न देणं. एवढं ऐकल्यावर कोणती आजी गाडीत बसेल. एक रात्र गप्प बसलं तर गुरुवार येत होता, तिकीट जात होतं, दुपार आपली राहत होती. मावशी मूग गिळून बसू शकत होत्या. त्यांनी तोही विचार केला, आणि तो चांगला लांबवून केला.

विहीणबाई पिशव्या घेऊन आल्या तेव्हा टिल्ली अजून झोपलेलीच होती. विहीणबाई आपल्या खोलीत गेल्या नि बॅगेत अत्तराच्या बाटल्या एकेका मोज्यात घालून ठेवायला लागल्या. मावशी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, टिल्ली ते निळं पाणी पिते, मी आज बघितलं.

विहीणबाईंच्या हातातला मोजा थांबला नाही. "ताई, आज शेवटच्या दिवशी तरी राहू द्या की," त्या हसून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा थकवा होता. पहिल्यांदाच तो त्यांनी लपवला नाही.

तिथेच मावशींना परत फिरता आलं असतं. सांगितलं होतं, ऐकलं नाही, माझं काम झालं. पण ओकून मांडीवर आलेल्या पोरीचा वास अजून त्यांच्या कुडत्याला येत होता. त्या आत आल्या, बॅगेच्या बाजूला पलंगावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्टूल, बाटली, फोन, दूध, उलटी. आणि मग पोरीचं बोलणं, बेसिनमध्ये जाते तेही आणि आत राहते तेही.

विहीणबाई उभ्याच राहिल्या. आधी त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या धावत पलीकडच्या खोलीत गेल्या, झोपलेल्या टिल्लीच्या कपाळाला हात लावला, तिचा श्वास ऐकला, मग न्हाणीघरात जाऊन मोठी बाटली, लहान बाटली आणि स्वतःचीही बाटली बेसिनमध्ये उलटी केली. पाणी सोडून बेसिन धुतलं. परत आल्या तेव्हा त्यांचे हात ओले होते, आणि त्या मावशींना म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशी सांगत होतात. मी ऐकायला हवं होतं. पोरीला काही झालं असतं तर?"

हे ऐकण्यासाठी मावशींनी किती दिवस जीव टाकला होता. आता ते मिळालं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. कारण त्या विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. भीती ओसरत होती आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी चढत होतं. हळूहळू डोळे, मग गाल, मग सगळा चेहराच असा उजळला की म्हाताऱ्या बाईच्या जागी एखादी तरुण पोरगी उभी आहे असं वाटावं. मावशींना ते बघवत नव्हतं, आणि त्यांची नजरही हटत नव्हती.

विहीणबाईंनी बॅगेतला एक मोजा उचलला, त्यातली बाटली काढली आणि ती परत टेबलावर ठेवली. मग दुसरी. मग म्हणाल्या, "मी उद्या जात नाही."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या.

"दुपारी आपण दोघी मिळून..." विहीणबाई म्हणाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. त्या मावशींच्या शेजारी, उघड्या बॅगेच्या पलीकडे बसल्या. ओले हात पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "ताई, एकदा परत सांगा ना. नेमकं काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांगा."

मावशींनी परत सांगितलं. एखादा शब्द गाळता आला असता, वास झोपेपर्यंत येतो हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. त्यांनी काही गाळलं नाही. खूप दिवस पुरायला हवं, हेही टिल्लीच्याच सुरात सांगितलं, आणि पहिल्यापेक्षा ते दुसऱ्यांदा त्यांना जास्त बोचलं. विहीणबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"उद्या विचारा," मावशी उठत म्हणाल्या. "उद्या आहातच की तुम्ही."